उजवीकडची गाठ

उर्वी काहीतरी लपवते आहे, हे माझ्या मनातून जातच नाही.

ती लहानपणापासून अशीच. दुधाचा दात पडला तर मोज्यात लपवून ठेवला होता. ड्रायव्हिंग टेस्टमध्ये नापास झाली होती, हे आम्हाला ती पास झाल्यावर कळलं. आता लेस्टरच्या हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंटच्या गुडघ्यांबद्दल तासभर बोलेल, स्वतःबद्दल विचारलं की, "ऑल गुड, आई."

मागच्या रविवारी तिने म्युनिकहून फोटो पाठवला. कुठल्याशा लग्नातला. अंगात डिर्न्डल, म्हणजे तिकडच्या बायकांचा पारंपरिक पोशाख: घट्ट चोळी, घेरदार झगा, वर रेशमी एप्रन. छान दिसत होती. मी इथे मेडनहेडच्या लायब्ररीत काम करते. तिथल्या हायकेला फोटो कौतुकाने दाखवला. ती बव्हेरियाची, म्हणजे म्युनिककडचीच.

"अभिनंदन," हायके म्हणाली.

"कशाबद्दल?"

"एप्रनची गाठ बघ ना. डावीकडे म्हणजे मोकळी. उजवीकडे म्हणजे कुणाची तरी झालेली."

फोटोत डावं-उजवं उलट दिसत असेल म्हणून घरी मी स्वयंपाकाचा एप्रन बांधून आरशासमोर उभी राहिले. कसंही पाहिलं तरी उर्वीची गाठ तिच्या उजवीकडेच. नवऱ्याला, उदयला, सगळं सांगितलं.

"आणि मागे बांधली तर?" त्याने विचारलं.

"विधवा."

"मग तुझी राहू दे उजवीकडेच."

उर्वीला फोनवर विचारलं. "आई, फ्रेंडच्या मॉमचा ड्रेस होता. तिनेच बांधून दिला. यू आर ओव्हरथिंकिंग."

कोण फ्रेंड, ते सांगितलं नाही. मग मी फोटो मोठा करून पाहिला. झग्याच्या खालच्या बाजूला जुन्या दुमडीची फिकट रेघ होती. उर्वी उंच. कुणीतरी झगा उसवून लांब केला होता आणि हाताने बारीक तुरपाई घातली होती. एका समारंभापुरता दिलेला कपडा कुणी उसवत नाही. माझं लग्न ठरल्यावर सासूबाईंनी त्यांच्या शालूचं ब्लाउज उसवून माझ्या मापाचं करून घेतलं होतं. मुलगी आता आपल्याच घरची, अशी खात्री असल्याशिवाय बाई कात्री हातात घेत नाही.

म्हणजे त्या बाईने माझ्या मुलीला समोर उभं करून माप घेतलं, आणि गाठही विचार करूनच बांधली.

"सांगेल तेव्हा सांगेल," असं म्हणून उदय झोपून गेला. मी थांबणार नाही. सकाळी ती वॉर्डवर जायच्या आधी फोन करणार आहे. व्हिडिओ नको, तिचा चेहरा दिसला की मी विषय बदलते. ठरलंय की झालंय, एवढंच विचारायचं. आणि काहीही उत्तर आलं तरी त्या बाईंचा नंबर मागून घ्यायचा.