जुनं काढण्याआधी

माझी सून कंपायलरवर काम करते. शेजारणीला वाटतं, कुठेतरी टायपिंग करते. तिला समजावणं मी सोडून दिलंय. माणसांनी लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळेल असा करून देतो तो कंपायलर. प्रोग्रामात फंक्शन नावाचे तुकडे असतात, प्रत्येकाला एकेक काम. कोण कामासाठी कोणाला हाक मारतो, याचा नकाशा कंपायलर ठेवतो. काम झटपट व्हावं म्हणून तो एखादं जुनं फंक्शन काढून नवं बसवतो. मग जुन्याला हाक मारणारे सगळे नव्याशी जोडायचे, नवं कोणाला हाक मारतं तेही नोंदवायचं. एक जरी राहिलं, तर लागणारं फंक्शन बिनकामाचं समजून फेकलं जातं. हे तिनं मला भाजी चिरता चिरता सांगितलं आणि मला कळलं. मी काही अगदीच ढ नाही.

ही माझ्या मुलाची दुसरी बायको. पहिली सून आजारपणात गेली तेव्हा नात रांगत होती. ही आली आणि पहिल्याच रविवारी नातीला घेऊन तिच्या आजोळी, म्हणजे पहिल्या सुनेच्या माहेरी, गेली. मला न विचारता. चिडले होते मी, खोटं कशाला बोलू.

तर, तिनं एक तपासणी लिहिली होती. फंक्शन बदललं की नकाशा खऱ्या प्रोग्रामाशी ताडून बघायचा, फरक दिसला की काम बंद. त्यापायी कंपायलर रडतखडत चालायला लागला. काल तिचे साहेब कॉम्प्युटरवरून, बाकीच्या सहकाऱ्यांसमोर, म्हणाले, "उद्या नवी आवृत्ती द्यायचीय. ती तपासणी काढून टाका. आजवर एक तरी चूक सापडली का तिला?"

मी पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होते. माझं डोकंच फिरलं. वर्षभर राबलीय पोर त्यावर.

"शेवटचं एकदा चालवू द्या," ती म्हणाली.

चालवलं, आणि अडकलं. नकाशात एक हाक नोंदवायची राहिली होती.

"कोणाचा बदल आहे हा?" साहेबांनी विचारलं.

तिची कानशिलं लाल झाली. "माझाच, सर. आज सकाळचा. माझ्याकडून सुटतं, तर कोणाकडूनही सुटेल. तपासणी राहू द्या."

साहेब म्हणाले, "राहू दे."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात विहीणबाई, पहिल्या सुनेची आई. "लेक कुठाय माझी?" चपला काढता काढता त्यांनी विचारलं. या वेळेला नात शाळेत असते, हे त्यांना पाठ आहे.

"आत आहे," मी म्हटलं. "स्वतःची चूक चारचौघांत सांगून जिंकून बसलीय."