चंद्राबाईची रेघ

“ह्ये तर माझ्यावानीच रेघ ओढायलंय की ओ, मॅडम! ह्यो फोटू मी डोळ्यानं बघितलो न्हाई. मग माझी रेघ हिथं आली कुठनं?”

चंद्राबाई पडद्याला नाक लावून बसली होती. पडद्यावर कुणाचंतरी यकृत, त्यात सुपारीएवढी गाठ, आणि गाठीभोवती यंत्रानं आपल्या मनानं ओढलेली लाल रेघ.

मागं डॉक्टर अहल्या उभ्या. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं, मराठीत कन्नड मुरलेलं. “तेच शोधतोय ना अक्का, दोन आठवडे! रेघ दर वेळी स्वल्प बाहेर. औषधानं गाठ आटते, आणि माप म्हणतं फारसा फरक नाही.”

चंद्राबाई निपाणीकडची. बोमनहळ्ळीच्या कपड्याच्या कारखान्यात एकोणीस वर्षं कटिंगला होती. कारखान्याला टाळं लागलं, तशी महादेवपुऱ्यात ह्या रेघा ओढायच्या कामाला चिकटली. सहा महिने झाले. कायम करायचं का घरी धाडायचं, ते शुक्रवारी ठरणार होतं. तिच्या हातच्या रेघा साठ स्कॅनवर. त्या साठांवरून यंत्र शिकलं, मग त्यानं कोऱ्या चार हजारांवर आपणच रेघा ओढल्या, आणि त्याच खऱ्या धरून आणखी शिकत सुटलं.

तिनं आपला एक स्कॅन काढून शेजारी लावला. रेघ गाठीपासून चौफेर तेवढीच लांब.

“अक्का, तुम्ही बाहेरून ओढता?”

“मग? शिवणीला माया, जादा कापड, सोडाय नको व्हय? अगदी कडंवर कात्री घातली तर…”

ती गपकन थांबली. शुक्रवार आठवला. यंत्रच बिघडलंय असं सगळे म्हणत होते. तोंड मिटून बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

“चुकलो मी,” ती म्हणाली. “साठीच्या साठी तशाच हाईत.”

“आणि मी त्या पास केल्या. गाठ आत आहे ना, बस्स, एवढंच बघितलं!” अहल्यांनी कपाळाला हात लावला.

चंद्राबाईचं डोकं मात्र भलतीकडंच. “पर ह्येनं एकदा तरी इचारायचं का न्हाई? कटिंगला नवी पोरगी आली तरी दुसऱ्या दिवशी इचारायची, अक्का, एवढं कापड का सोडलीस म्हणून.”

“ते विचारत नाही. तुमचा हात बघतं आणि गिरवतं.”

“मग ह्या चार हजारांचं?”

“पुसायचं. तुमचे साठ नीट झाले की ते पुन्हा ओढेल.”

“आणि शुक्रवारचं?”

“दोष दोघींचा, असं सांगेन मी. पुढं मालक बघतील. पण त्याआधी साठ पाहिजेत. कडेला भिडवून, सरी?”

चंद्राबाईनं पहिला स्कॅन मोठा केला, जुनी रेघ पुसली. हात सवयीनं बाहेर गेला. पुसलं. परत गेला. परत पुसलं. तिसऱ्यांदा रेघ गाठीला भिडली, तसा तिनं दुसरा उघडला.