मधमाश्यांसाठी घर

देऊळघाटला आमच्या शेजारचे काका फार कमी बोलतात. काहीही विचारा, मान हलवून नुसतं "हाव" म्हणतात. काकू होत्या तेव्हा त्या रोज सकाळी भोपळ्याच्या नर फुलांचे पराग मादी फुलांना लावायच्या. त्या वारल्या आणि वेलावरची कोवळी फळं गळायला लागली. यंदा काकांनी लाकडी खोक्यात बांबूच्या नळ्या भरून एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्यांसाठी घर केलं.

"काका, तुमीच काऊन नाही लावत पराग?" मी विचारलं.

"लावून पाह्यले, पोरी. माह्या हाताले फळ नाही धरत."

परवा एका नळीचं तोंड मातीने लिंपलेलं दिसलं. आत माशीने अंडी घातली होती. काका कितीतरी वेळ बघत राहिले. मग आपल्या राहत्या घराकडे वळून मोठ्याने म्हणाले, "अवं, भाईर ये! आली पाह्य!"

आम्ही दोघंही दाराकडे बघत राहिलो.