किल्ल्याची समान वाटणी

आधी कप खाली ठेवा, नाहीतर हसताना चहा सांडाल आणि बायको माझ्यावर उखडेल. तसंही ती हे मीठमसाला लावून सांगणारच आहे, त्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका.

आमच्या ग्वाल्हेरच्या कॉलेजात सिव्हिल आणि मेकॅनिकल हे दोन विभाग एक केले. म्हणजे विभागप्रमुखही एकच. उमेदवार दोन: मेकॅनिकलचा मी आणि सिव्हिलचे तोमर. प्राचार्य म्हणाले, दोन्हीकडचे कम्प्युटर जोडून काहीतरी करून दाखवा. मी लगेच पुढे. म्हटलं, ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरून वारा कसा वाहतो ते दाखवतो.

यात काय करायचं असतं? सगळ्या हवेवर एक जाळी कल्पायची, तिची घरं कम्प्युटरांना वाटून द्यायची, ज्याने त्याने आपापल्या घरांचं गणित करायचं. पण प्रत्येक घराला शेजारच्या घरात वारा किती ते सारखं विचारावं लागतं. म्हणून शेजारशेजारची घरं एकाच कम्प्युटरला देतात. पहिल्याच धड्यात असतं हे. पण आम्ही पडलो सरदारांचे वंशज, धडे कशाला बघतोय?

त्यात तशा वाटणीत किल्ला माझ्याकडे आणि वरचं आकाश सिव्हिलकडे जात होतं, म्हणून तोमर म्हणाले, "हमारे कम्प्यूटरों को सिर्फ़ आसमान? किला सारा आपका?"

झालं. मी छाती फुगवून म्हटलं, "तोमरसाहेब, आमच्या आजोबांनी शेत वाटलं तेव्हा प्रत्येक मुलाला विहिरीजवळचा, माळावरचा, नाल्याकाठचा, सगळीकडचा तुकडा दिला. कोणी रुसलं नाही." प्रत्येक कम्प्युटरला थोडा किल्ला, थोडा पायथा, थोडं आकाश देऊन टाकलं.

घरी बायको म्हणाली, "अहो, म्हणून तर तुमचे काका पाणी द्यायला तिघांच्या बांधावरून जातात आणि रोज भांडून येतात."

"तुला कम्प्युटरमधलं काय कळतं?" मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य येऊन बसले. कम्प्युटरांचे पंखे घोंघावू लागले. एक घर माझ्याकडे, त्याचा शेजारी सिव्हिलमध्ये, त्याचा शेजारी परत माझ्याकडे. सगळे एकमेकांना विचारतायत, "तुमच्याकडे वारा किती?" गणिताला फुरसत कोणाला? प्राचार्यांचं जेवण झालं, डुलकी झाली, वारा आपला पायथ्याशीच उभा. तेवढ्यात तोमरांनी एकट्या जुन्या कम्प्युटरवर तोच वारा किल्ल्यापार नेला.

प्राचार्य उठले. "तोमरजी, विभाग आप सँभालिए." मग माझ्याकडे वळले. "और आप समन्वय समिति. काम भले न हो, बातचीत आप ख़ूब करवाते हैं."

अजून मीच अध्यक्ष आहे त्या समितीचा. सदस्य कसे निवडले? दोन्हीकडचे थोडे थोडे, कोणी रुसायला नको म्हणून. पहिली बैठक कधी घ्यायची, ते अजून एकमेकांना विचारतोय.