अक्कांच्या खोलीखालची विहीर

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, की नकाशात आपली विहीर शेजारच्या घरात कशी दिसते. फोनवर अर्धंच सांगून झालं. नीट आठवतंय तोवर लिहून ठेवते.

आपल्या येलहंक्याच्या घराची विहीर कुंपणालगत आहे. शेजारच्या कानडी अक्कांच्या सासऱ्यांनी वरच्या मजल्यावर खोली काढली, ती विहिरीच्या डोक्यावर आली. माझ्या सासऱ्यांनी हरकत घेतली नाही. उलट खिडकीला रहाट लावून दिला. तेव्हापासून अक्कांकडचं पाणी वरूनच ओढलं जातं.

गेल्या वर्षी वॉर्ड ऑफिसची नोटीस आली. सपाट नकाशात खोली आणि विहीर एकाच जागी. खोली पाडा, नाहीतर विहीर बुजवा. मात्र नवा त्रिमितीय नकाशा होत होता, त्यासाठी मापं देता येणार होती.

मी अक्कांना म्हटलं, "काळजी करू नका. सपाट नकाशाला वर-खाली कळत नाही. मी सारा जन्म नकाशांच्या ऑफिसात काढलाय."

फॉर्म मीच भरला. खोलीची जमीन बारा फुटांवर, विहिरीचा तळ तीस फुटांवर. तो घेऊन आम्ही दोघी वॉर्ड ऑफिसात गेलो. तिथल्या इंजिनिअर मुलीने आकडे घातले, आणि पडद्यावर विहीर धुराड्यासारखी वर चढून अक्कांच्या खोलीतून आरपार गेली.

अक्का चष्मा सावरत म्हणाल्या, "तुमची विहीर माझ्या देव्हाऱ्यात उभी राहिली की हो. आता पाण्याला गच्चीवर जाऊ?"

"आजी, जमिनीखालचं माप वजा लिहायचं," मुलगी हळूच म्हणाली. हेच मी नवशिक्यांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं. मी वजा चिन्ह घातलं. विहीर खाली उतरली आणि मधली मोकळी जागा स्वच्छ दिसू लागली.

मग दोन वस्तूंचं नातं नोंदवायचं होतं: आत, लागून, की वर. मुलीने लिहिलं, 'वर, स्पर्श नाही'.

"स्पर्श नाही कसा? रोज बादली सोडते मी," अक्का म्हणाल्या.

"दोरीसाठी रकाना नाही, अक्का," मुलगी म्हणाली.

"सरी, बरं, मग स्वल्प जागा सोडून ठेव."

महिन्याभरात नोटीस मागे घेतली गेली. तुमच्या फोनवरचा नकाशा अजून जुना, सपाटच आहे. इथे विहिरीला पाणी आहे, तिच्यावर अक्कांची खोली आहे आणि खिडकीतला रहाट चालू आहे.