पसंतीला दिलेले सात नग

बुधवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मेल आला. उद्या सकाळी सहा ते दहा संपूर्ण दुकानाची मोजणी, मुख्य कार्यालयाचा माणूस हजर राहील, सगळ्यांच्या रजा रद्द. एवढंच. खाली सही नव्हती. आमच्या कंपनीच्या मेलखाली कधीच कोणाची सही नसते.

कुडाळच्या बाहेर हायवेला लागून आमचं दुकान आहे. देशभर पसरलेल्या एका मोठ्या कपड्यांच्या कंपनीच्या अनेक दुकानांपैकी एक. मी तिथे स्टॉक सांभाळतो. किती नग आत आले, किती विकले गेले आणि किती शिल्लक आहेत, ह्याचा मेळ बसवणं हे माझं काम, आणि मला ते आवडतं. दुकानात बावीस माणसं आणि चौदा कॅमेरे आहेत. दरवाजावर एक यंत्र आहे, ते आत येणारी माणसं मोजतं. लागलो त्या पहिल्याच महिन्यात मी एक तास शेजारी उभा राहून ते तपासलं होतं. माझी माणसं चाळीस झाली, त्याची एक्केचाळीस. पिशवी विसरून परत आलेल्या एका गिऱ्हाइकाला त्याने दोनदा धरलं होतं. मी ते सांगितलंही. पण माझा आकडा कोणाला नको होता.

मेल वाचून झाला तेवढ्यात लेडीज सेक्शनची आमची बाई मागच्या खोलीत आली. तिने दार लावून घेतलं.

"भाऊ, सात पीस भायर आसत."

"भायर म्हणजे?"

"पसंतीक दिलंय."

मी हातातला पेन खाली ठेवला. ह्या एका शब्दात काय आहे ते बावीस जणांत फक्त आम्हा दोघांनाच कळत होतं.

ह्या कंपनीत येण्याआधी आम्ही दोघंही बाजारपेठेतल्या एका जुन्या कापड दुकानात होतो. मी एकोणीस वर्षं, ती बारा. तिथे पसंतीची एक वही असे. गावातून कोणी बाई आली, घरात लग्न असलं, नवरी किंवा सासू दुकानापर्यंत येऊ शकत नसली, तर पाच-सात साड्या गाठोड्यात बांधून द्यायच्या. वहीत नाव, गाव, नग आणि परत यायचा वार. घरात सगळ्यांनी बघायच्या, एक ठेवायची, बाकीच्या परत. एकोणीस वर्षांत एकच साडी परत आली नाही. नेलेली बाई वारली आणि घरच्यांनी तीच तिच्या अंगावर घातली. बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा नवरा दुकानात आला आणि पैसे देऊन वहीतली ती ओळ पुरी करून गेला. ती वही मी ठेवायचो. ही बाई नवी लागली तेव्हा गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून किती नग द्यायचे, हे तिला मीच शिकवलं होतं.

तो मालक थकला, दुकान बंद झालं, आणि आम्ही दोघं इथे आलो. इथे पहिल्या दिवशी सांगितलं होतं की बिलाशिवाय धागासुद्धा दाराबाहेर जाता कामा नये.

"कोणाक दिलंस?"

"पिंगुळीच्या पुढली एक म्हातारी. तिच्या चेडवाचो पाय प्लास्टरात आसा, आणि पुढल्या आठवड्यात भावाचा लगीन. ता पोर हंय येवन घालून बघणार कसा? म्हातारेकडे पैशे एकाच कुर्त्याचे. मी म्हटलंय, सातय व्हरा, एक ठेवा, बाकीचे आयतवारी हाडा."

"गो बाय, तुका इतक्या सांगितल्यानी तरी..."

"तुमीच तर म्हणा होतास, तोंड बघून द्यायचा. तोंड बघलंय." आणि ती हसली. मग हसू थांबलं आणि तिचा चेहरा एकदम उतरला.

मी वाटा मोजू लागलो. स्वतः पैसे भरून बिल करावं, तर बिलाला लेबलवरचा कोड लागतो, आणि लेबलं कपड्यांबरोबर गेली होती. म्हातारीचा फोन लागत नव्हता. मी म्हटलं, सरांना आत्ताच सांगून टाकू. सर म्हणजे आमचा मॅनेजर, वय एकोणतीस, साताऱ्याकडचा, वाईट माणूस नव्हे.

"सांगलास तर कामावरून आज जातंय, नाय सांगलास तर उद्या," ती म्हणाली. "एक दीस तरी मेळात माका."

सहाला आमची पाळी सुटली. सहा वाजून पाच मिनिटांनी ती माझ्या स्कूटरवर मागे बसली. पार्किंगमध्ये एक कॅमेरा आहे, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

अकरा किलोमीटर. शेवटचे दोन मातीचे. पोचलो तेव्हा उजेड होता. घराला कुलूप. ओट्यावर सुकत घातलेल्या सुपाऱ्या तशाच होत्या आणि दोन कोंबड्या त्यांच्यातून चालत होत्या. आम्ही हाक मारली तशी शेजारीण कुंपणाजवळ आली.

"तीं सगळी गोव्याक गेली, हॉस्पिटलात. चेडवाचो पाय सुजलो, प्लास्टर कापूचा लागात म्हणान सांगल्यानी. शुक्रवारी येतली."

आमची बाई खिडकीशी गेली आणि गजांतून आत बघू लागली. मग तिने मला हाताने बोलावलं. आत खाटेवर आमच्या दुकानाची पिशवी होती. तोंड उघडं, वरचा कुर्ता पिवळा, घडी मोडलेली. खिडकीपासून सहा फूट, फार तर सात.

"चावी माज्याकडे आसा," शेजारीण म्हणाली. "उगडू? तुमचोच माल तो. व्हरा."

आमच्या बाईने माझ्याकडे पाहिलं.

मी नको म्हणालो.

का म्हणालो ते मी तेव्हा नीट सांगितलं होतं, आणि आजही तेच सांगेन. घरची माणसं हॉस्पिटलात, त्यांच्या माघारी कुलूप काढून आत शिरायचं आणि सामान उचलायचं, हे बरोबर नाही. पुढे घरातलं काही हरवलं तर त्या शेजारणीवर येईल, आमच्यावर येईल. शिवाय सातांतला एक त्यांनी ठेवायचा ठरवला असेल, तो कुठला, हे आम्हाला काय माहीत? मी हे सगळं क्रमाने सांगितलं. शेजारीण म्हणाली, "तुमी शिकलेली माणसां." आणि चावी कनवटीला लावली.

परत येताना मागून ती एकदाच बोलली. "पिवळो तिका बरो दिसतलो."

सकाळी सहाला मोजणी सुरू झाली. कार्यालयाचा माणूस पन्नाशीचा, मृदू आवाजाचा, सगळ्यांना "आपण" म्हणणारा. त्याने स्वतः सर्वांना चहा आणवला. मोजायचं यंत्र हँगरांवरून फिरवत गेलं की बारीक टिकटिक होते. माणसं बोलत नव्हती, बाहेर हायवेवर ट्रक जात होते, आणि अख्ख्या दुकानात ती टिकटिक तेवढी पुढे सरकत होती. लेडीज सेक्शनपर्यंत यायला सव्वाआठ झाले.

सात नग कमी. एकच डिझाइन, सात रंग.

आकडा माझ्या पडद्यावर आला. यादीवर मोजणाऱ्याची सही माझीच असते. सातच्या जागी मी सातच लिहिलं. दुसरं काही लिहायचा विचार माझ्या मनात आला नाही, हे मी अभिमानाने सांगत नाही.

कॅमेऱ्यात शोधायला त्यांना वीस मिनिटंही लागली नाहीत. सरांच्या खोलीत साक्षीदार म्हणून मला बसवलं. चित्र स्वच्छ होतं. ती काउंटरवर एकेका कुर्त्याचा जाड चोरटॅग यंत्रावर काढते आहे. सात वेळा. कुर्ते पिशवीत घालते आहे. म्हातारी पिशवी घेते, दोघी हसतात, म्हातारी तिच्या गालाला हात लावते आणि निघून जाते. चित्राला आवाज नव्हता. "एक ठेवा, बाकीचे हाडा" हे त्यात कुठेच नव्हतं. मला खरी गोष्ट ठाऊक होती, तरी बघताना मलासुद्धा ती चोरी वाटली.

कार्यालयाच्या माणसाने तिला आत बोलावून विचारलं, "हे आपण कोणाला सांगितलं होतं?"

"कोणालाच नाही," ती टेबलाकडे बघत म्हणाली. ऑफिसात आम्ही सगळेच पुस्तकी मराठी बोलतो.

मी शेजारच्या खुर्चीत होतो. आमच्यात दोन हातांचं अंतर असेल.

मग तो माझ्याकडे वळला. "त्यांना याआधी असं करताना आपण पाहिलंय?"

"ह्या दुकानात नाही," मी म्हणालो.

त्याने लिहिलं. कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर होतं: नाही. "ह्या दुकानात" हे दोन शब्द गाळले होते. मी विजेच्या बिलाची मागची बाजूसुद्धा वाचतो. मी तो कागद वाचला आणि सही केली.

अकराच्या आत तिचा राजीनामा झाला, आणि तिच्या कागदावर चोरीचा शेरा पडला. तिचा डबा मागच्या खोलीत राहिला होता, तो मी तिला नेऊन दिला. "भाऊ, यादी बरोबर झाली?" एवढंच तिने विचारलं.

शुक्रवारी चारच्या सुमारास म्हातारी आली. सहा कुर्ते, इस्त्री केलेले, वर्तमानपत्रात गुंडाळलेले, आणि ओच्यात बांधलेले पिवळ्याचे पैसे. दारावरच्या यंत्राने तिला मोजलं असेल. ती सरळ लेडीज सेक्शनकडे गेली, तिथे नवीन मुलगी उभी होती. मग मला शोधत मागे आली.

"ती खंय आसा?"

"आज नाय."

"मगे तिका सांगा, पिवळो ठेवलंय. चेडवाक बरो दिसता."

पिवळ्याचं बिल होईना. यंत्र म्हणत होतं की असा नग दुकानात नाही. सरांनी वर फोन लावला. चाळीस मिनिटं म्हातारी स्टुलावर बसून होती.

"पैशे घेणास नाय? कसला दुकान ह्या!" शेवटी ती पैसे टेबलावर ठेवून उठली. "तिचेच आसत, तिका द्या."

फोनवरून उत्तर आलं की विकू नका, रॅकवर लावू नका, खोक्यात बंद करून सील करा. सहा कुर्ते आणि पैशांचं एक पाकीट. खोक्यावर मोजणीची तारीख. ते अजून माझ्या टेबलाखाली आहे, पाय लांब केला की लागतं.

घरी मी हे सगळं बायकोला सांगितलं. ती कुळीथ निवडत होती. "तुमची सचोटी दुसऱ्याच्या घराक महाग पडता," ती म्हणाली, आणि खडा बाजूला टाकला.

मला वाटलं होतं, ती दुसरीकडे लागेल. बाजारात तिला ओळखत नाही असा कापडवाला नाही. पण आता प्रत्येक जण आधी आमच्या दुकानात फोन करतो, आणि सर कागदावर असेल ते सांगतात. तीन ठिकाणांहून तिला नाही आलं. चौथ्याने तिच्या तोंडावर विचारलं, "कपडे नेलास म्हणतत, खरां?" रविवारी मी तिच्या घरी गेलो तेव्हा ती साड्यांना फॉल लावत बसली होती. म्हातारी येऊन गेल्याचं मी सांगितलं.

"सगळे इले?"

"सहा. पिवळो तिनां ठेवल्यान. पैशे देवन गेली."

"मगे चोरी खंय झाली, भाऊ?" तिने दोरा दाताने तोडला. "नोकरी गेली ती गेली. ता एक नाव तेवढा पुसून होया. माज्या चेडवाक स्थळां येतत."

पार्किंगच्या कॅमेऱ्याचं चित्रण नव्वद दिवस ठेवतात. त्यात त्या बुधवारी मी स्कूटर काढतो आहे, ती मागे बसते आहे. अठ्ठावन्न दिवस मी रोज एक वजा करत गेलो. नव्वद झाले की ते पुसलं जाईल आणि मला कोणी काही विचारणार नाही. असा हिशेब मी करतोय हे ज्या दिवशी माझ्या नीट लक्षात आलं, त्या दिवशी मी कागद घेतला.

अर्ज अकरा ओळींचा झाला. पसंतीची पद्धत काय होती, ती तिला कोणी शिकवली, बुधवारी सहा वाजून पाच मिनिटांनी तिच्याबरोबर कोण गेलं, चावी कोणी नाकारली, माझ्या उत्तरातले कुठले दोन शब्द गाळले गेले आणि तरी सही कोणी केली. शेवटच्या ओळीत लिहिलं की माल परत आलेला आहे, सबब तिच्या कागदावरचा शेरा काढावा. ह्या नोकरीला अजून दोन वर्षं झालेली नाहीत, घराचे सात हप्ते बाकी आहेत, मुलगी बारावीला आहे, हे मला सगळं ठाऊक होतं. ते मी अर्जात घातलं नाही.

परवा, गुरुवारी, बारा वाजून वीस मिनिटांनी तो पाठवला. उत्तर बारा वाजून एकतीस मिनिटांनी आलं. सोमवारी सकाळी अकरा वाजता आपण हजर राहावं, येताना ओळखपत्र आणि मागच्या खोलीच्या किल्ल्या सोबत आणाव्यात.

शेऱ्याबद्दल त्यात काही नव्हतं. खाली सहीही नव्हती. आज शनिवार आहे. किल्ल्या चार आहेत; मी त्या पुसून पाकिटात घालून ठेवल्या आहेत. सोमवारी कार्यालयाचा तो माणूस मला चहा देईल, आणि मग कागद पुढे सरकवील. ह्या वेळी ते दोन शब्द त्यात आल्याशिवाय मी पेन हातात घेणार नाही.