तैवान अडीच तास पुढे

जागतिक पूल स्पर्धा यंदा ब्रिटनऐवजी तैवानला होणार, ही बातमी आमच्या घरात कुणाची तरी बदली झाल्यासारखी आली. खेळाच्या पानावर, अगदी खालच्या कोपऱ्यात चार ओळी होत्या. बाबांनी त्या मोठ्याने वाचल्या, चष्मा पुसला आणि परत वाचल्या. मग म्हणाले, "चांगलं चाललं होतं तिकडे. यांना काय दुखत होतं?"

बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते. ब्रिटन त्यांनी कधी पाहिलं नव्हतं आणि पूलचं टेबलही आयुष्यात एकदाच. त्यांचा खरा खेळ कॅरम. पंचवटीतल्या आमच्या कॉलनीत त्यांच्यासमोर बसायला लोक कचरत. नव्वदच्या दशकात घरोघरी केबल आली आणि एका संध्याकाळी चॅनेल बदलता बदलता त्यांना टेबलाभोवती काठ्या घेऊन फिरणारी ही मंडळी दिसली. "अरे, हा तर उभ्याने खेळायचा कॅरम," असं म्हणून ते जे बसले ते जेवायलाच उठले. त्यांच्यापाठोपाठ आणखी दोन भक्त तयार झाले. एक शेजारचे मास्तर, शाळेत भूगोल शिकवणारे. दुसरा वरच्या मजल्यावरचा फिटर, मूळचा लासलगावकडचा, सातपूरला कारखान्यात कामाला. तिघं मिळून एकदा कॉलेज रोडच्या पूल पार्लरमध्ये गेलेही होते. बाबांनी पहिलाच फटका असा मारला की पांढरा बॉल टेबलावरून उडून एका पोराच्या कोल्ड्रिंकला जाऊन भिडला. त्यानंतर तिघांनीही टीव्हीवरूनच प्रेम करायचं ठरवलं.

तर तैवान. अडचण देशाची नव्हती, घड्याळाची होती. ब्रिटनमधल्या दुपारच्या मॅचेस आपल्याकडे संध्याकाळी लागत. तिघं कामावरून येत, हातपाय धुऊन आमच्या हॉलमध्ये बसत आणि आई चहा टाके. इतकी सोयीची व्यवस्था होती की जणू ब्रिटनने ती आमच्या कॉलनीला विचारूनच केली असावी. मास्तरांनी त्याच संध्याकाळी बोटांवर हिशोब केला. तैवान आपल्या अडीच तास पुढे. तिथे दुपारचे बारा म्हणजे इथे सकाळचे साडेनऊ. म्हणजे सगळी स्पर्धा ऐन ऑफिसच्या वेळेत. पुनःप्रक्षेपण होतं, पण ते रात्री बाराला, आणि बाबा दहाला घोरायला लागत.

"आपल्या देशात का नाही घेत?" मास्तर तावातावाने म्हणाले. "गेल्या वर्षी सिंहस्थ सांभाळला आपण. तपोवनात मंडप टाकला तर चार टेबलं नाही मावणार?"

"मी तर रजाच टाकतो," फिटर म्हणाला. "पोट लय दुखतंय म्हणून सांगतो."

"सलग नऊ दिवस पोट दुखलं तर कारखाना तुला कापायला नेईल," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना बाबा मुद्दाम पूल पार्लरवर थांबले. तिथल्या पोरांना आनंदाचं भरतं आलेलं होतं. सकाळी पार्लर रिकामंच असतं, टीव्ही लावून बसू, कॉलेजला कोण जातंय, असं त्यांचं म्हणणं. बाबा घरी आले आणि जेवताना तरुण पिढीवर बराच वेळ बोलले. मी तेव्हा बीएच्या दुसऱ्या वर्षाला होते, त्यामुळे ते सगळं मला ऐकावं लागलं.

तोडगा फिटरने काढला. चहाचा कप खाली ठेवत तो म्हणाला, "वहिनी हायेत ना घरी." तिघांनी एकदम स्वयंपाकघराकडे पाहिलं.

इथे आईबद्दल एक सांगायला हवं. ती बोलायला लागली की आमच्याकडे प्रत्येकाला काहीतरी आठवायचं. बाबांना बातम्या आठवत, मला अभ्यास. तिचं वाक्य अर्ध्यावर राहायचं आणि ती ते तसंच सोडून भाजी चिरायला लागायची. यात मी बाबांपेक्षा काकणभर पुढेच होते. आईला सांगण्यासारखं काय असणार, असं मला मनापासून वाटायचं. आज ते लिहिताना लाज वाटते.

बाबांनी तिला खेळ पाच मिनिटांत शिकवला. टेबलावरचा सगळ्यात लहान नंबर आधी मारायचा, नऊ नंबरचा बॉल ज्याने पाडला त्याचा डाव. "एवढंच?" आई म्हणाली. "मग इतकी वर्षं आरडाओरडा कसला चालायचा?"

पहिल्या संध्याकाळी तिघं तिच्यासमोर वही-पेन घेऊन बसले. आईने पदराला हात पुसले आणि सुरुवात केली. "एक जाडा होता आणि एक बारीक. बारक्याचं कुणाशीतरी भांडण झालं असावं. जाडा जिंकला, पण त्याला काही बरं वाटलं नाही."

"अगं, स्कोअर सांग."

"तेच सांगतेय. मध्ये बोलू नका."

बाबा गप्प झाले. गरज होती ना. मी दारात उभी होते आणि मला हसू आवरेना.

दोन-तीन दिवसांत मात्र रंगच बदलला. तोंडाने सांगून कळत नाही म्हणून आईने कॅरम बोर्ड मांडायला लावला. सोंगट्या दोनच रंगांच्या, म्हणून तिने स्वयंपाकघरातून सामान आणलं. लिंबू म्हणजे पांढरा बॉल. सुपारी म्हणजे नऊ नंबर. मधल्या नंबरांना लसूण, खारीक, वेलदोडा, जे हाताला लागेल ते. मग ती एकेक डाव जसाच्या तसा मांडायची. लिंबू इथे होतं, खारीक पॉकेटच्या तोंडाशी अडकली होती, जाड्याने मागून वळसा घेतला. तिची स्मरणशक्ती एवढी पक्की आहे हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आणि माणसं तर ती अशी वाचायची की बास. रोज भाजीबाजारात घासाघीस करणाऱ्या बाईला समोरचा कधी ढिला पडतो ते कळतंच. "हा घाबरला की काठीच्या टोकाला खडू दोनदा लावतो," ती सांगायची. "आणि दोनदा लावला की चुकतो." मास्तर ते वहीत उतरवून घेत.

एके दुपारी मी कॉलेजातून आले तर गॅसवर कुकरच नव्हता. आई हॉलमधल्या दांडीवरचे ओले कपडे बाजूला सारून टीव्हीसमोर खाली बसली होती. "आज पोळीभाजीच खा," ती म्हणाली, नजर न हलवता. संध्याकाळ व्हायची ती वाट बघायची. सहा वाजले की साडी बदलायची. फिटर एकदा म्हणाला, "वहिनी, तुम्ही सांगता ते बघण्यापेक्षा भारी हाय." त्या रात्री आई भांडी घासताना गुणगुणत होती.

शनिवारी सगळं सांगून झाल्यावर तिने सुपारी, लिंबू गोळा केलं आणि म्हणाली, "उद्या फायनल. रविवार आहे. तुम्ही सगळे घरीच." बाबा खुशीत हो म्हणाले. तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं होतं. मी बोर्ड उचलून भिंतीला लावून ठेवला.

रविवारी हॉल भरला. आठवडाभर आई जिथे बसायची तिथे मी पाय पसरून बसले होते. आईने भजी तळली. ताटली घेऊन ती दारात आली तेव्हा खेळणारा टेबलाभोवती फेऱ्या मारत होता. "हा आता..." ती म्हणाली.

"थांबा वहिनी, बघू द्या," फिटर म्हणाला. वाईट मनाने नाही. मॅच तशीच रंगात होती.

आई थांबली. ताटली ठेवून आत गेली. तो खेळणारा चुकला की नाही ते मला आठवत नाही, पण आई पुन्हा बाहेर आली नाही हे पक्कं आठवतं. मीही उठले नाही. मंडळी गेल्यावर बाबांनी आत जाऊन तिला विचारलं, "मघाशी काय म्हणत होतीस?"

"आता काय," ती म्हणाली. "तुम्ही पाहिलंत ना."

बाबा बराच वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभे होते.

मधली काही वर्षं ती स्पर्धा आमच्या केबलवर दिसलीच नाही. मी लग्न होऊन गावातच द्वारका चौकाजवळ राहायला गेले, मास्तर पुण्याला मुलाकडे गेले, बाबा निवृत्त झाले. एका रविवारी मी माहेरी होते तेव्हा बाबांनी पेपरातून वाचलं की यंदा पूलची स्पर्धा आखाती देशात आहे आणि टीव्हीवर दाखवणार आहेत. वेळेचा हिशोब या वेळी आईनेच केला, मेथी निवडता निवडता. "ते अडीच तास मागे आहेत आपल्या. म्हणजे संध्याकाळी लागतील. तुम्ही घरीच असता."

बाबांनी पेपराची घडी घातली. "संध्याकाळी मला फिरायला जायचं असतं," ते म्हणाले.

"कधीपासून?" मी विचारलं. डॉक्टरांनी सांगून दोन वर्षं झाली होती आणि ते कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा रिक्षाने जात.

"उद्यापासून. तूच बघ गं," ते आईला म्हणाले. "आल्यावर सांग."

त्या आठवड्यात एकदा मला ते गंगेवर, म्हणजे पंचवटीतल्या नदीच्या घाटावर, भेटले. पायऱ्यांवर बसले होते, सारखं घड्याळ बघत. मॅच चालू असणार हे मला ठाऊक होतं आणि त्यांना तर मिनिटामिनिटाने ठाऊक होतं. घरी चला म्हटलं तर म्हणाले, "थांब. तिचं पूर्ण बघून होऊ दे."

अंधार पडताना आम्ही घरी गेलो. आईने हॉलमध्ये कॅरम बोर्ड मांडून ठेवला होता. बाबांनी चप्पल काढली, तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "हं. पहिल्यापासून सांग."